सहल सर्वांची व्हावी



मागे एकदा मुलांच्या सुटीत आम्ही एका मनोरंजन उद्यानात गेलो. उंच उंच पाळणे पाहून थोरल्याने ते निवडले होते. धाकटी उंचीत बसेना म्हणून रडली. सासूबाई दिवसभर बाकावर. रात्री त्या हसत म्हणाल्या, "पिशव्या मात्र नीट सांभाळल्या हो मी!" ते बोल मला फार लागले. तिकिटे सर्वांची काढली, सहल निम्म्यांचीच झाली.

पुढच्या खेपेस मी आधी धाकटीची उंची दाराच्या चौकटीशी मोजली. मग खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाची चौकशी केली. तेथेही मोठ्या पाळण्यांना उंचीची अट आहे. पाण्याचे उद्यान निराळे, तिकीटही निराळे. सावली किती, चाकांची खुर्ची मिळते का, बसून पाहण्याजोगे काय, हेही विचारून घेतले. छपराखाली बसून पाहावयाचा एक खेळ सासूबाईंनी दोनदा पाहिला. पिशव्या त्या दिवशी आम्ही पाळीपाळीने सांभाळल्या.

भगिनींनो, ठिकाण निवडताना घरातला सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेला जीव आधी डोळ्यांपुढे आणा. धडधाकट माणसे कोठेही रमतात.