आमच्या सायकलीवरची पाटी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. आम्ही नवरा-बायको मोठ्या मुलासह वाशीम ते अकोला सायकलने का गेलो, ते सांगा, असा समितीचा आग्रह झाला म्हणून उभे आहोत.

आमच्या धाकट्या मुलीला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारखी दुखतात. तिला पोटाशी धरून रात्री-अपरात्री एसटीने मालेगाव, मेडशी, पातूर करत अकोल्याला किती वेळा गेलो, त्याला हिशेब नाही. हा आजार स्पर्शाने होत नाही, आणि मागच्या जन्माचा भोग तर मुळीच नाही. आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही दोघेही वाहक निघालो, पण कळले ते मुलगी आजारी पडल्यावर. लग्नात आपण कुंडली पाहिली नाही, याचा आम्हाला अभिमान होता. रक्तही पाहिले नाही, ही मात्र चूक झाली.

बंधू-भगिनींनो, या आजाराविषयी जे कळले ते माणसे पुढे आली म्हणून कळले. 1958 साली शुक्ल आणि सोलंकी या डॉक्टरांनी नागपूरकडील महार समाजातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. ते रक्त आपल्याच माणसांचे होते. आमची मुलगी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेते. अमेरिका-कॅनडातील 299 प्रौढ रुग्णांनी स्वतःवर प्रयोग करू दिला, तेव्हा 1995 साली दिसले की या गोळीने वेदनेचे झटके सुमारे 44 टक्क्यांनी कमी होतात. त्या 299 जणांचे आमच्यावर ऋण आहे.

ते कसे फेडावे? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 साली 36 जणांनी कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी सायकल फेरी काढली. आता तिथे हजारो लोक दरवर्षी निघतात. आम्ही म्हटले, 36 नाही तर तीन!

हिवाळ्यात निघालो. दमणूक आणि तहान मुलीला बाधते, म्हणून ती मामासोबत एसटीने पुढे गेली. तिघांच्या सायकलींवर पाटी होती : ‘आम्ही सिकलसेलचे वाहक आहोत. तुमची तपासणी झाली का?’ नातेवाईक रागावले. “असं चारचौघात सांगत असतेत का? पोरीले कोण करीन?” मेडशीजवळ पंक्चर झाले. पातूरचा घाट उतरताना ब्रेक दाबून हात भरून आले. पण पातूरला चहाच्या टपरीवर एका बाईने पाटी वाचली आणि हळूच म्हणाली, “माय, माया पोराचेही हातपाय असेच दुखते. कोणाले सांगतलं नाही.” आम्ही तिला तपासणी कुठे होते ते कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो.

जमलेली रक्कम लहानच होती. ती संशोधनासाठी दिली आणि पावती विहाराच्या फलकावर लावली आहे.

आमचा मुलगाही वाहक आहे. त्याच्या स्थळाच्या बोलणीत पहिल्याच भेटीला आम्ही रिपोर्ट पुढे ठेवतो. एक स्थळ त्यामुळे परत गेले. वाईट वाटले, पण लपवणार नाही. वाहकाने लग्न करू नये, असे नाही. दोन वाहकांनी अंधारात राहून करू नये, एवढेच.

1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट आहे. पण आपण हात पुढे केल्याशिवाय सुई टोचणार कोणाला? पैसे नसतील तर देऊ नका. रक्ताचा एक थेंब द्या, आणि आलेला रिपोर्ट उशीखाली ठेवू नका.

 जयभीम! नमो बुद्धाय!