मुख्याध्यापकांचा थोरला मुलगा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हा पाच जणांना एकच विषय दिला आहे : ‘शाळेत असताना वाचलेलं पुस्तक’. माझ्या आधीच्या वक्त्यांनी फार चांगली पुस्तकं निवडली. ती सगळी आपल्या ग्रंथालयात होती, काहींवर तर शाळेचा शिक्का अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी निवडलेलं पुस्तक ग्रंथालयात कधीच नव्हतं. ते बाकाखाली होतं, इतिहासाच्या पुस्तकाच्या पोटात होतं, आणि महिन्यातून एकदोनदा बाईंच्या टेबलाच्या खणात होतं. बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून आधीच विनंती करतो की हे भाषण होईपर्यंत काही जप्त करू नये.

पुस्तक म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स. आणि त्यातल्या नायकावर नाही, खलनायकावर बोलणार आहे. पुन्हा पुन्हा मरणारा आणि पुन्हा पुन्हा परत येणारा तो दुष्ट जादूगार, कोब्रा.

इथे आपली मुलं-नातवंडंही बसली आहेत, त्यांच्यासाठी थोडी माहिती सांगतो. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 1964 च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि 1990 मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतरही भारतीय भाषांत मिळून एक अख्खी पिढी त्यावर पोसली गेली. सुरुवातीचे अंक वेताळाचे. हा वेताळ म्हणजे मूळचा फँटम. मराठीत आल्यावर त्याला नाव मिळालं आपल्या स्मशानातल्या वेताळाचं. त्यामुळे आमच्या पिढीकडे दोन वेताळ होते : एक ‘चांदोबा’तला, झाडाला उलटा लटकणारा, आणि दुसरा कवटीच्या गुहेत राहणारा, घोड्यावर बसणारा. दोघांची गल्लत कधी झाली नाही, हे आमच्या बुद्धिमत्तेचं लक्षण आहे. मार्कांवरून ते कधी दिसलं नाही, एवढंच.

वेताळाच्या मागोमाग मॅन्ड्रेक आला. काळा कोट, डोक्यावर उंच हॅट, बारीक मिशी. हात हलवला की समोरच्याच्या हातातल्या पिस्तुलाचा साप होतो. खरं तर होत काहीच नाही, समोरच्याला तसं दिसतं. ती जादू नव्हे, संमोहन. हे दोन्ही नायक एकाच माणसाचे, अमेरिकेतल्या ली फॉक यांचे. मॅन्ड्रेक आधीचा : 11 जून 1934 रोजी तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत पहिल्यांदा दिसला. वेताळ 1936 चा. मॅन्ड्रेकची चित्रं सुरुवातीची वर्षं फिल डेव्हिस यांनी काढली. 1964 मध्ये ते गेले आणि पुढे फ्रेड फ्रेडरिक्स यांनी काम हाती घेतलं.

आता कोब्रा. मॅन्ड्रेकची अगदी पहिली गोष्टच त्याच्याशी झुंजीची आहे. त्या गोष्टीत तो संपला. निदान वाचकांना तसं वाटलं. मग मधली वर्षं गेली, दुसरं महायुद्ध होऊन गेलं, चित्रकार बदलला, आणि 1965 मध्ये कोब्रा परत आला. एकतीस वर्षांनी. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा होता. पुढे शस्त्रक्रिया करून त्याने चेहरा नीट करून घेतला आणि मुखवटा गेला, पण आमच्या मनातला कोब्रा मुखवट्याचाच.

खलनायक परत का येतात, याचं एक व्यावहारिक कारण आहे. रोजच्या वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींची पट्टी. एक गोष्ट संपायला महिने लागतात. नवा खलनायक आणला तर तो किती वाईट आहे हे पटवण्यातच कित्येक आठवडे जातात. जुना आला तर त्याची सावली दाखवली तरी पुरे. म्हणून तो दरीत पडतो, आगीत सापडतो, समुद्रात बुडतो, पण त्याचं प्रेत कोणाला मिळत नाही. आम्ही चौथी-पाचवीत असतानाच हा नियम ओळखला होता : प्रेत दिसलं नाही तर खलनायक जिवंत आहे.

पण खलनायक जादूगारच का? डाकू का नाही, पेंढारी का नाही? यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं, उत्तर आपल्याच घरात आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये कथासरित्सागर लिहिला. त्यातली वेताळाची गोष्ट घडते ती मात्र आपल्याकडे, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणला. तिथल्या राजाच्या दरबारात क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज येतो आणि एक फळ देऊन जातो. रोज. दहा वर्षं. राजा ते फळ बाजूला देऊन टाकतो. एक दिवस माकडाने ते फोडलं तेव्हा कळलं की प्रत्येक फळात एक रत्न आहे. मग राजा विचारतो की तुला हवं तरी काय, आणि भिक्षू म्हणतो, स्मशानातून एक प्रेत आणून दे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. प्रेतात वेताळ असतो, तो गोष्टी सांगतो, राजा बोलला की परत झाडावर जातो. मूळ गोष्टी पंचवीसच्या आत-बाहेर, ‘चांदोबा’ने मात्र कित्येक वर्षं पुरवल्या.

आम्ही सगळे राजा आणि वेताळाकडे बघत होतो. तिकडे स्मशानात मंडल आखून बसलेल्या त्या मांत्रिकाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्याला राजाचाच बळी द्यायचा होता आणि विद्याधरांचं राज्य मिळवायचं होतं. म्हणजे बघा, डाकूकडे तलवार असते, पण या माणसाकडे विद्या आहे आणि दहा वर्षं वाट पाहायची चिकाटी आहे. विद्या आणि चिकाटी! शाळेच्या भिंतीवर रंगवलेले दोन्ही गुण त्याच्यात आहेत. म्हणून त्याची भीती वाटते. डाकू परका असतो. मांत्रिक मात्र आपल्यासारखाच शिकलेला असतो.

ली फॉक यांनी तीच गोष्ट आणखी एक पाऊल पुढे नेली. मॅन्ड्रेक जादू शिकला ती हिमालयातल्या एका विद्यालयात. त्या विद्यालयाचे मुख्याध्यापक थेरॉन. शेकडो वर्षं वयाचे. मनाची शक्ती वाढवणारे स्फटिकाचे दोन घन होते आणि त्यांची राखण थेरॉन आणि मॅन्ड्रेक या दोघांकडे होती. कोब्राला आयुष्यभर हवं होतं ते त्यातलं एक. आणि मग एका गोष्टीत कळतं की कोब्राचं खरं नाव ल्युसिफोर, आणि तो मुख्याध्यापक थेरॉन यांचा थोरला मुलगा. मॅन्ड्रेकचा सावत्र भाऊ.

मला हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. त्या वयात इतका मोठा धक्का फक्त दोन गोष्टींनी बसतो, एक गणिताच्या पेपराने आणि दुसरा अशा बातमीने.

मॅन्ड्रेकला आणखी एक भाऊ होता, डेरेक. जुळा, हुबेहूब दिसणारा. तोही जादू शिकलेला, पण ती वापरायची स्वतःच्या चैनीसाठी. त्याच्या डोक्यातली विद्या पुसून टाकायचा मॅन्ड्रेकने प्रयत्न केला, पण पूर्ण पुसली गेली नाही. गुरुजनांसमोर हे मुद्दाम सांगतो. एकदा शिकवलेलं पुसता येत नाही, हे ली फॉक यांना माहीत होतं आणि आमच्या पाठीवर पडलेल्या फूटपट्टीलाही.

तर एका घरातले तीन भाऊ. एक नायक, एक उडाणटप्पू, एक खलनायक. विद्या तीच, तिन्ही वाटा वेगळ्या. थेरॉन यांच्या विद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा भरला असता तर व्यासपीठावर मॅन्ड्रेक बसला असता, डेरेक जेवणाच्या वेळी आला असता. आणि थोरल्या मुलाला निमंत्रण गेलं असतं का? माझ्या भाषणाचा खरा विषय हा आहे.

आपल्या वर्गातही एक कोब्रा होता. त्याचं नाव मी इथे घेणार नाही, कारण त्याला विचारल्याशिवाय ते छापणं बरं नाही. पण जुन्यांपैकी निम्म्यांना आत्ताच कळलं आहे, चेहऱ्यांवरून दिसतंय. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे आम्ही मॅन्ड्रेक खेळायचो. मॅन्ड्रेक व्हायला दहा जण तयार, लोथार व्हायला चार. कोब्रा व्हायला कोणी नाही. मग खेळ कसा होणार? तेव्हा हा म्हणाला, मी होतो. सिगरेटच्या पाकिटातली चांदी पुठ्ठ्यावर चिकटवून त्याने मुखवटा केला. तो रोज हरायचा, रोज टाकीवरून खाली पडून मरायचा आणि दुसऱ्या दिवशी ताजातवाना परत यायचा. त्याच्याशिवाय आमच्यापैकी एकही नायक झाला नसता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आमची सगळी कॉमिक्स त्याच्याकडून यायची. त्याच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. वजनावर आलेल्या गठ्ठ्यातून तो इंद्रजाल बाजूला काढायचा आणि एका रात्रीपुरतं द्यायचा. पान दुमडायचं नाही, ही अट. पैसे घ्यायचा नाही, गणिताची वही घ्यायचा. आज इथे बसलेले दोन प्राध्यापक, एक पत्रकार आणि मी, आम्ही सलग वाचायला शिकलो ते त्या रद्दीच्या दुकानामुळे.

नववीत तो नापास झाला. जूनमध्ये आम्ही दहावीच्या वर्गात बसलो, तो दुकानात बसला. पुढे रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. त्यानंतर तो कुठे आहे, हे मी विचारलेल्या कोणालाही सांगता आलं नाही.

या मेळाव्याची यादी करणाऱ्यांनी फार मेहनत घेतली आहे, चार महिने फोन केले आहेत. त्यांनी यादी घेतली ती 1979 च्या दहावीच्या निकालावरून. तीच सहज मिळणारी होती. त्या यादीत आपण 41 जण आहोत. मात्र पाचवीला आपण 52 होतो. हजेरी घेताना शेवटचा क्रमांक पुकारायचे तो अजून माझ्या कानात आहे. मधले 11 जण कुठे गेले? काहींच्या वडिलांची बदली झाली असेल. पण तिघींची लग्नं झाली, हे आपल्याला माहीत आहे. एक जण दर दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायचा आणि एका वर्षी परतच आला नाही. आणि एक रद्दीच्या दुकानात बसला. यातल्या कोणाचंही वर्तन वाईट नव्हतं. ते शाळेतून गेले, आपण त्यांना शोधलं नाही, आणि गेलेल्याविषयी काहीबाही समजूत करून घेणं सोपं असतं. मागच्या महिन्यात आपल्यापैकीच एकाने मला विचारलं, “तो कोब्रा ना? तो वाया गेला म्हणे.” कोण म्हणे? कोणालाच माहीत नाही. चांदीच्या मुखवट्याआड कोण आहे हे न बघताच सगळे बोलतात.

कॉमिक्समध्ये हे चालतं. तिथे मुखवटा घातलेला माणूस दुष्ट आहे हे पहिल्या पानावर ठरलेलं असतं. पण त्याच कॉमिक्सने मुखवटा काढून आम्हाला दाखवलं होतं की आत मुख्याध्यापकांचाच मुलगा आहे. तेवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत, आणि त्या ठराव म्हणून मांडतो. पहिली : शाळेचं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. मुख्याध्यापक महोदयांनी परवानगी दिली तर त्यातून पाचवीची पूर्ण यादी काढावी आणि पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण त्या यादीवरून जावं. दुसरी : या स्मरणिकेत पत्त्यांचं पान आहे, तिथे 41 पत्त्यांखाली 11 ओळी रिकाम्या सोडाव्यात. रिकामी ओळ डोळ्यांना खुपते, आणि खुपलं की माणूस फोन करतो.

मी एक कागद फिरवतो आहे. जेवणाला उठण्याआधी त्यावर आठवेल ते लिहा. गाव, चुलत भाऊ, दुकानाचा नाका, सासरचं आडनाव, काहीही चालेल. बाई, तुम्हालाही तो कागद देतो. आमच्या हजेरीत कोण कुठे बसायचं हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त आठवतं.

कॉमिक्समधल्या खलनायकाचं एक बरं असतं. त्याला निमंत्रण लागत नाही, तो आपणहून परत येतो. आपल्या अकरा जणांना बोलवावं लागेल.