कामाच्या ठिकाणचा संवाद आणि त्यातील अडसर



भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने कारखान्यातील आणि कचेरीतील व्यवहाराविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु मी ज्या शब्दावर वारंवार अडखळतो, तोच आजच्या विषयाचा पाया आहे. इंग्रजीतील ‘कम्युनिकेशन’ या शब्दासाठी आपण मराठीत ‘संज्ञापन’ योजतो, कधी ‘संदेशवहन’, तर कधी ‘संवाद’. हे शब्द समानार्थी नाहीत. संज्ञापन म्हणजे जाणवून देणे आणि संदेशवहन म्हणजे निरोप पोचविणे. या दोहोंत सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी विभागणी आधीच ठरलेली असते. संवादात मात्र सांगणाऱ्यालाही ऐकावे लागते. आपल्या कामाच्या ठिकाणी संज्ञापनाची साधने विपुल असतात आणि तरीही संवाद दुर्मिळ असतो. असे का व्हावे, हा आजचा प्रश्न आहे.

याचे उदाहरण शोधण्यासाठी दिल्लीपासून फार दूर जाण्याचे कारण नाही. गुडगावच्या मारुती उद्योगातून पहिली मोटार डिसेंबर 1983 मध्ये बाहेर पडली. सुझुकी कंपनीशी करार झाल्यावर जपानी अभियंते येथे आले आणि आपले कामगार प्रशिक्षणासाठी जपानला गेले. दोन्ही बाजूंची भाषा निराळी, इंग्रजी दोघांनाही परकी. भाषेचा याहून मोठा अडसर तो कोणता? तरीही हा अडसर ओलांडला गेला. कारण यंत्रापाशी उभे राहून हाताने करून दाखविलेली गोष्ट कोणत्याही भाषेत कळते.

त्याहून बिकट अडसर हुद्द्याचा होता. आपल्या कचेऱ्यांत साहेबाचा दरवाजा बंद असतो, बाहेर शिपाई बसलेला असतो आणि कनिष्ठाचे म्हणणे चार टेबलांवरून, चार वेळा सौम्य होत वर जाते. मारुतीत यावर काही उपाय योजले गेले. व्यवस्थापकापासून कामगारापर्यंत सर्वांचा गणवेश एकच. उपाहारगृह एकच. अधिकाऱ्यांना स्वतंत्र खोल्या न देता खुल्या दालनात बसविण्यात आले. कामगारांकडून सुधारणांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू झाली. ज्या समाजात ताटाचे आणि पंगतीचे भेद शतकानुशतके पाळले गेले, तेथे वरिष्ठाने कामगाराच्या मागे रांगेत उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु कथा येथे संपत नाही. याच कंपनीचा मानेसर येथील नवा कारखाना 2007 पासून मोटारी तयार करीत होता. तेथे जून 2011 मध्ये कामगारांनी संप केला. आपल्या पसंतीच्या संघटनेला मान्यता मिळावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. चहाची सुट्टी जेमतेम सात-साडेसात मिनिटांची असते, अशी त्यांची तक्रार होती. या तक्रारीचा अर्थ नीट पाहावा. उपाहारगृह सर्वांना एकच असेल, पण तेथे जाऊन, रांगेत उभे राहून, पेला रिकामा करून परत यंत्रावर पोचण्यापुरताच वेळ असेल, तर शेजारच्याशी दोन शब्द बोलणार कधी? भिंत पाडली, पण तिच्या जागी घड्याळ उभे राहिले.

ऑगस्ट 2011 च्या अखेरीस कारखान्यात प्रवेश करण्यापूर्वी सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही करावी, असे कामगारांना सांगण्यात आले. हमीपत्र हे संज्ञापनाचे सर्वांत स्पष्ट रूप होय. त्यात संदिग्ध असे काही नसते. मात्र त्यात दुसऱ्या पक्षाचे म्हणणे लिहिण्यास जागा नसते. जागा असते ती केवळ सहीला.

पुढे 2012 साली नव्या संघटनेची नोंदणी झाली. त्याच वर्षी 18 जुलै रोजी एक पर्यवेक्षक आणि एक कामगार यांच्यात खटका उडाला. पर्यवेक्षकाने जातिवाचक अपशब्द वापरले, असे कामगारांचे म्हणणे. कामगाराने मारहाण केली, असे व्यवस्थापनाचे. सायंकाळपर्यंत हिंसाचार झाला, आग लागली आणि मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. अनेक जण जखमी झाले. कारखाना महिनाभर बंद राहिला आणि पाचशेहून अधिक कायम कामगारांना काढून टाकण्यात आले. मार्च 2017 मध्ये न्यायालयाने 31 जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी 13 जणांना जन्मठेप दिली आणि 117 जणांची निर्दोष मुक्तता केली.

या शोकांतिकेचे सारे मूळ संवादाच्या अभावात आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वेतन, कंत्राटी पद्धत, संघटनेचा हक्क हे खरेखुरे हितसंबंधांचे प्रश्न होते आणि गोड बोलण्याने ते सुटत नाहीत. तथापि, हितविरोध असतो तेथेच संवादाची खरी गरज असते. एका खटक्याची दोन वृत्ते निर्माण होतात आणि ज्याच्यावर दोघांचाही विश्वास आहे असा तिसरा कान उपलब्ध नसतो, तेव्हा शब्दांची जागा हात घेतात.

असा कान कायद्याला अपरिचित नव्हता. शंभर वा अधिक कामगार असलेल्या उद्योगात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याचा आदेश देण्याचा अधिकार 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शासनास दिला होता. पण समिती कागदावर असणे आणि तिच्यापुढे निर्भयपणे बोलता येणे, यांत मोठे अंतर आहे.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यक्तीला ती शहाणपण शिकवीत असेल; संस्थेने तिचा अवलंब केला, तर सूचनापेटी भरत राहते आणि विश्वास रिता होत जातो. माणसे एकदा सांगतात, दोनदा सांगतात, मग गप्प बसतात. वरिष्ठांना ती शांतता समाधानाची वाटते.

म्हणून आपणांपैकी जे कोठे अधिकारपदावर असतील, त्यांना एवढीच विनंती आहे की, आपली आज्ञा खालपर्यंत पोचली काय, हे पाहून थांबू नका. गेल्या महिन्याभरात आपल्या हाताखालच्या कोणी आपणांस न रुचणारी गोष्ट तोंडावर सांगितली काय, हे स्वतःस विचारा. उत्तर नकारार्थी असेल, तर सर्व काही ठीक आहे असे समजू नका. कोठेतरी वाट बुजली आहे असे समजा.