शेंदराखालचा दगड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला विषय कोणता घेऊ, असे विचारल्यावर संयोजकांनी सांगितले, "काहीही बोल, फक्त कंपनीबद्दल बोलू नकोस." म्हणून आज दगडांबद्दल बोलणार आहे. शाळेमागच्या बांधावर म्हसोबा आहे, नदीच्या उतारावर सात आसरा आहेत आणि पाण्याच्या टाकीजवळ एक उभी कोरीव शिळा आहे. परीक्षेच्या दिवशी आपण सगळे म्हसोबाला हात जोडून यायचो. गणिताच्या बाईंना हे ठाऊक होते आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, हेही आपल्याला ठाऊक होते.

आता या म्हसोबाचा जीर्णोद्धार होणार आहे. आपल्या वर्गातले तिघे समितीवर आहेत. आरसीसीचे देऊळ, वर कळस, आत संगमरवरी मूर्ती आणि जुना तांदळा नदीत विसर्जन, असा बेत आहे. देणगीची पावती मीही फाडली आहे, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असे समजतो.

तांदळा म्हणजे नाक-डोळे नसलेला, शेंदूर लावलेला गोटा. अडाणी लोकांना मूर्ती घडवता येत नव्हती म्हणून त्यांनी दगड मांडला, असे पुष्कळांना वाटते. आपल्याच भागात पाहा. चाकणला चक्रेश्वराच्या देवळात वराहाची जुनी दगडी मूर्ती आहे, तीही भंगलेली. इतके उत्तम काम करणारे हात या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वी होते. तरीही शेतकऱ्याने बांधावरचा म्हसोबा बिनचेहऱ्याचाच ठेवला. त्याला तो तसाच हवा होता. शास्त्र सांगते की भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, म्हणून तो देखणा वराह आज नुसता पाहायचा राहिला. तांदळ्याचे तसे होत नाही. ज्याला नाकच नाही त्याचे नाक कोण फोडणार? १६६० साली शाहिस्तेखान चाकणच्या किल्ल्याला सुमारे दोन महिने वेढा घालून बसला होता आणि फिरंगोजी नरसाळा आत झुंजत होता. तशा धामधुमीत माणसे गाव सोडून जायची, परत यायची आणि गोटा उचलून पुन्हा शेंदूर लावायची. देव पुन्हा उभा!

हा देव नेमका कोण, यावर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी फार विचार केला. हा गणिती माणूस पुण्यात राहायचा आणि मुंबईच्या टाटा संस्थेत कामाला जायचा. वर्षानुवर्षे डेक्कन क्वीनने तो आपल्या चिंचवड-आकुर्डीवरूनच गेला. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घालायचा. शेंदऱ्या देवांची ठाणी आणि अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे पुष्कळदा एकाच वाटेवर सापडतात, हे त्याने पाहिले. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकातल्या या विषयावरच्या प्रकरणात तो 'मृच्छकटिका'पासून सुरुवात करतो. चारुदत्त आपल्या मित्राला संध्याकाळी चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवून यायला सांगतो. चव्हाट्यावरच का? कोसंबींचे म्हणणे असे की गावे वसण्याआधी भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे ही ठाणी होती. गाव नंतर आले. शेंदूर हा त्यांच्या मते रक्ताच्या जागी आलेला रंग. म्हसोबात त्यांना महिषासुर दिसला. एका डोंगरावर देवी त्याला मारते, तर दुसऱ्या गावात जोगूबाईशी त्याचे लग्न लागलेले असते. दोन टोळ्या भांडल्या की एक कथा आणि सोयरीक जमली की दुसरी, असा त्यांचा हिशेब. सगळाच पटेल असे नाही, पण दगडाला प्रश्न विचारावा कसा, हे त्यांनी शिकवले.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. ग्रीकांचा हर्मीस हा वाटसरूंचा देव. त्याचे नाव रस्त्याकडेच्या दगडांच्या ढिगावरूनच आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. थिओफ्रास्टस नावाच्या ग्रीक लेखकाने अंधश्रद्धाळू माणसाचे चित्र काढले आहे. तो माणूस तिठ्यावरच्या गुळगुळीत दगडांवर बुधलीतले तेल ओततो आणि गुडघे टेकून पुढे जातो. तेवीसशे वर्षांपूर्वीची थट्टा आहे ही. आपल्या मोशी-चाकण रस्त्यावर शनिवारी सकाळी उभे राहिलात तर हाच माणूस दिसेल, फक्त मोटरसायकलवर.

सात आसरा म्हणजे अप्सरा. नदीकाठी ओळीने सात दगड, हिरव्या बांगड्या, खण आणि शेजारी राखण्याला बहुतेक म्हसोबाच. पाण्याला माणसाची भीती वाटावी की माणसाला पाण्याची, हे आज पवना-इंद्रायणीचा फेस पाहून ठरवायचे. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी लिहिते. बोल्हाईला शेळी-बोकडाचे चालत नाही, मेंढीचे लागते. पुण्याच्या बाजूला दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी दिसते ती त्यामुळे. देव बघा, खाटकाच्या पाटीपर्यंत पोचलेला!

खंडोबाचे तर विचारूच नका. आकुर्डीच्या माळावर आहे, तिकडे निमगावला आहे. लिंगात आहे, घोड्यावर आहे, भंडाऱ्यात आहे आणि घरच्या देव्हाऱ्यात टाकावर आहे. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेला ठसा. प्रेसशॉपमध्ये जन्म घालवलेल्यांनी तो एकदा नीट पाहावा, आपल्याच जातीचे काम आहे. गुंथर सोन्थायमर हे जर्मन प्राध्यापक धनगरांच्या वाड्यांवर राहून ओव्या ऐकत या देवांच्या मागे अनेक वर्षे हिंडले. धनगर हिंडतात तसे त्यांचे देवही हिंडतात. भक्ताच्या मागून येतात आणि एके ठिकाणी थांबतात. आपला चिंचवडचा मंगलमूर्ती तरी कुठला? मोरया गोसावींना तो कऱ्हा नदीत मिळाला, अशी परंपरा सांगते. आजही पालखी वर्षातून दोनदा मोरगावला जाऊन येते.

म्हणजे देव हलवूच नये, असे माझे म्हणणे नाही. एमआयडीसीने जमिनी घेतल्या तेव्हा कितीतरी ठाणी हलली. काही कंपनीच्या कुंपणात राहिली आणि जत्रेच्या दिवशी गेटवर नाव लिहून आत जायची पद्धत पडली. बिहारकडून आलेले कामगार इंद्रायणीच्या घाटावर छठला उभे राहतात, तिथेही मूर्ती नाही, सूर्य आणि पाणी आहे. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा, दसऱ्याला आपले खंडेपूजन, लेथला झेंडूची माळ. बिनचेहऱ्याच्या वस्तूला हात जोडायला या पट्ट्यातल्या माणसाला अजून अडचण येत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. आज म्हसोबाला कोणीही शिवते. माझी आजी स्वतः तेल घालायची, शेंदूर लावायची. मांगवाड्यातला पोतराज पहिला नारळ फोडायचा. मध्ये कोणी नव्हते. संगमरवरी मूर्ती गाभाऱ्यात बसली, प्राणप्रतिष्ठा झाली आणि पुढे स्टीलचे गज लागले की पूजा एकाची आणि बाकीच्यांनी लांबून दर्शन. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, आपोआप होते. आमच्या एका मैत्रिणीने परवा सांगितले, "अरे, सुनांना डोळे असलेला देव हवा असतो, त्याच्याशी बोलता येते." खरे आहे. मग मागे मूर्ती बसवा, पण पुढे तांदळा असू द्या, हाताला लागेल असा. पुष्कळ देवळांत ही सोय केलेली आहे.

शेंदराचेही सांगतो. तो शिशाचा ऑक्साइड, विषारी. लावल्यावर हात धुवा, पोरांना चाटू देऊ नका. थरावर थर चढत जातात. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीचा वर्षानुवर्षांचा शेंदूर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढला तेव्हा आतले मूळ रूप समोर आले. आपल्या म्हसोबाच्या आत काय आहे, कोणाला ठाऊक? नदीत सोडल्यावर तर कधीच कळणार नाही.

आता टाकीजवळची शिळा. आपण तिच्यावर दप्तरे ठेवायचो. ती वीरगळ आहे. खाली लढाई, मधल्या पट्ट्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. गुरे किंवा गाव राखताना पडलेला, नाव नसलेला आपलाच कोणी पूर्वज. गेल्या वर्षी टाकीची दुरुस्ती झाली तेव्हा मधला पट्टा सिमेंटखाली गेला. वर ऑइलपेंटही मारला आहे, हौसेने.

समितीची पुढची बैठक रविवारी आहे. तिथे एवढेच ठरू द्या की विसर्जनाचा कलम तूर्त बाजूला ठेवायचा. शिळेचे सिमेंट छिन्नीने काढू नका, ॲसिड तर अजिबात नको. त्या कामाचा जाणकार लागतो. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जायचे काम माझ्याकडे द्या. निवृत्त आहे, वेळ आहे. सोबत फोटो लागतील, तेव्हा ज्यांच्याकडे शाळेच्या सहलीचा तो जुना फोटो आहे, शिळेपुढे सगळे रांगेत बसलेलो, त्यांनी तो जेवणाआधी माझ्याकडे आणून द्यावा.