सबब ऐकून घेणारी माणसं

(संग्रामपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांनो,

पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या की. भरतीच्या मैदानावर पहिल्या रांगेसाठी भांडता आणि व्याख्यानाला मागं उभे राहता! (हशा) या, बसा.

मला विषय दिलाय ‘ध्येय आणि यश’. त्यातल्या ध्येयावर मी फार वेळ घेणार नाही. ध्येय लिहून ठेवावं, त्याला तारीख घालावी, रोजच्या कामात त्याचे तुकडे पाडावेत, हे या पोरांनी अकादमीत ऐकलंय, मोबाइलवर ऐकलंय आणि त्यांना ते पाठ आहे. मला बोलायचंय सबबीवर. सबब सांगणाऱ्याला आपण सगळेच झोडपतो. मला मात्र आज ऐकणाऱ्याकडे वळायचंय. क्रीडाशिक्षकाची उभी नोकरी मैदानावर काढल्यावर माझी खात्री झालीय, की सबब कुणी एकट्यानं काढत नाही. घरात, कट्ट्यावर, शाळेत ती ऐकून घेणारं आणि मान डोलावणारं माणूस असतं, म्हणून ती टिकते. ते माणूस बहुतेक वेळा आपल्यावर जीव टाकणारं असतं, आणि खरी अडचण तिथंच आहे.

पुढं जाण्याआधी एक सांगतो. संग्रामपुरात उभं राहून ‘अडचणी नसतातच, मन हवं’ असं बोलायला माझी जीभ रेटणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही आणि माणसाला पाजता येत नाही. मूत्रपिंडाच्या आजारानं या पट्ट्यातली किती घरं हलली, ते तुम्हाला मी सांगायला नको. वान प्रकल्पावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणावी लागली, ती काही हौस म्हणून नाही. तेव्हा इथल्या पाण्याला मी सबब म्हणणार नाही. अडचण खरी असते. तिचं पुढं आपण काय करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

मला ठाऊक असलेल्या एका पोराची गोष्ट सांगतो. गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, नाव सांगत नाही. पोलीस भरतीची तयारी करत होता. या भरतीची रीत इथं बहुतेकांना माहीत आहे. मैदानी ५० गुणांची: १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना ८०० मीटर. मैदानीत निम्मे गुण मिळाले तरच लेखीचा विचार. हा पोरगा पहाटे अंधारात उठून रस्त्यानं धावायचा. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘पोलीस’ लिहिलेलं. धावण्यात चांगला होता, पण गोळ्यात बसला. घरी आला आणि म्हणाला, ‘गोळा लई जड होता.’

बाप म्हणाला, ‘वशिला नव्हता आपला.’ आई म्हणाली, ‘त्याच्या खांद्यात तवा कळ होती.’ मित्र म्हणाले, ‘तिथले मोजणारेच तसे.’ दोन दिवसांत पोराला तीन कारणं मिळाली आणि त्यातलं एकही त्यानं स्वतः शोधलेलं नव्हतं. सगळी त्याला मायेनं दिलेली होती.

आजीनं मात्र विचारलं, ‘जळ म्हंजे केवळा?’ तेव्हा कळलं की पोरगा नाल्यातला एक वाटोळा दगड घेऊन सराव करत होता. भरतीत पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो. तो लोखंडी गोळा त्यानं पहिल्यांदा हातात धरला तो भरतीच्या दिवशीच. आजी म्हणाली, ‘तो गोया इकत भेटते का? भेटते त आन.’ खामगावहून गोळा आणला. पुढं रोज संध्याकाळी म्हातारी ओट्यावर बसून फेकींचा हिशेब घ्यायची. अंतर तिला कळत नव्हतं. पण आज किती वेळा फेकला, एवढं ती विचारायची आणि कमी सांगितलं की गप्प बसायची. त्या गप्प बसण्याला तो पोरगा भ्यायचा.

(मागून एक श्रोता: ‘सर, लागला का तो?’)

लागला, पण पुढच्या भरतीत नाही, त्याच्याही पुढच्या. थांबा, त्यावर येतो. आधी मला तुम्हाला कराडला न्यायचंय.

पैलवान खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. आता तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देतो. माझा मुद्दा त्याआधीच्या चार वर्षांत आहे.

१९४८ साली ते लंडनला गेले, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. सहावे आले. आता विचार करा, परत आल्यावर हा माणूस काय काय सांगू शकला असता! आपली कुस्ती तांबड्या मातीतली. आखाड्यात दही, ताक, तेल, हळद घालून माती मळतात, पाय तिच्यात रुततो, पकड तिच्यावर बसते. आणि लंडनला गादी! पायाखालची जमीनच वेगळी, नियम वेगळे, गुण मोजायची रीत वेगळी. ‘मातीवर असती तर बघितलं असतं एकेकाला,’ असं ते म्हणाले असते, तर सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक पैलवानानं मान डोलावली असती. ते खरंही होतं. खरी सबब सगळ्यात घातक, कारण ती खोडून काढता येत नाही.

त्यांनी गादी हा विषय पुढच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात घातला. लंडनला रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले होते, ते धरून ठेवले. आपल्या पोरानं दगड टाकून गोळा आणला ना, तीच ही गोष्ट, फार मोठ्या मापाची.

पुढं १९५२ ची निवड. तिथं निरंजन दास या मल्लाकडून त्यांना एका गुणानं हरलेलं ठरवलं गेलं. खाशाबांच्या मते तो निकाल पक्षपाती होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, खाशाबांनी दासला चीत केलं आणि जागा मिळवली.

आता जायला पैसे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आमच्याकडे शिक्षकांच्या बैठकीत विद्यार्थ्याला स्पर्धेला पाठवायचं म्हटलं की एस.टी.चं भाडं कुणी द्यायचं यावर अर्धा तास जातो. (हशा) हसू नका, मी गांभीर्यानं सांगतोय. खर्डेकरांनी भाषण दिलं नाही, घर दिलं. आणि ज्यानं घर दिलंय त्याच्यासमोर माणूस परत येऊन काय सबब सांगणार?

हेलसिंकीला ५७ किलो गटात कॅनडाच्या, मेक्सिकोच्या मल्लांना हरवून ते वर गेले. जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती लागली. पंधरा मिनिटांच्या वर झुंज, आणि हार. इशी पुढं सुवर्णपदक घेऊन गेला. दमलेले खाशाबा बाजूला झाले तर लगेच सांगण्यात आलं, की सोव्हिएतच्या रशीद ममदबेयोवबरोबर उतरा. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवायला, हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा उतरले, आणि हरले. २३ जुलै १९५२. कांस्य.

तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता, असं मला वाटतं. त्या गैरहजर अधिकाऱ्यांचा मला आजही संताप येतो. इथं जे पालक, शिक्षक, पदाधिकारी बसलेत त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा: पोरगं मैदानात आपलं काम करत असताना त्याच्या वतीनं नियम सांगायला कुणी तरी हजर असावं लागतं. ते आपलं काम आहे.

खाशाबा परतले, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला मिरवणुकीनंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्यातून आलेले पैसे खर्डेकरांचं घर सोडवायला दिले. पदक घेऊन आलेला माणूस आधी हिशेब चुकता करतो. हे नातं असलं की मधे सबब शिरत नाही.

(एक श्रोता उभा राहून: ‘सर, हे समदं बराबर. पन जागाच निघत नाईत. निघाल्या त पेपर फुटते. मंग पोरानं करावं काय?’ टाळ्या.)

बसा, बसा. टाळ्या बरोबर आहेत. मी सरकारची वकिली करायला इथं आलेलो नाही आणि तुमच्या पोराला दोष द्यायला तर अजिबात नाही. ऐकून घ्या. पेपर फुटणं हा अन्याय आहे. त्यावर तक्रार झाली पाहिजे, अर्ज गेले पाहिजेत, गरज पडली तर कोर्टात गेलं पाहिजे. निरंजन दासचा प्रसंग मी उगाच सांगितला नाही. खाशाबांनी आपलं गाऱ्हाणं ज्याच्या हातात फेरकुस्ती देणं होतं त्याच्यापुढं मांडलं, आणि फेरकुस्ती लागेपर्यंत अंग तयार ठेवलं. आपण गाऱ्हाणं कुणाला सांगतो? पानटपरीवर, ज्याच्या हातात काही नाही त्याला. तो ‘व्हय, असंच हाय’ म्हणतो, आपलं मन हलकं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर बंद होतो. तक्रार खरी असूनही पहाट गेली, एवढंच मला दिसतं.

दुसरं. जागा शंभर आणि उमेदवार हजारो असतील तर फार पोरं बाहेर राहणार, आणि त्यांत मेहनती पोरंही असणार. ते नापास म्हणजे आळशी, असं जो म्हणतो त्यानं एकदा त्यांच्याबरोबर पहाटे धावून बघावं. म्हणून मी घरांना सांगत आलोय, की ध्येयाला सुरुवातीची तारीख असते तशी शेवटचीही असू द्या. पोलीस भरतीला खुल्या गटाला वयाची २८ वर्षं, मागास प्रवर्गाला ३३. पण वय संपेपर्यंत वाट बघत बसायची गरज नाही. किती भरत्या द्यायच्या आणि मग काय करायचं, हे पहिल्या अर्जाच्या दिवशीच बाप-लेकानं, माय-लेकीनं समोरासमोर बसून ठरवावं. त्या पोरानं आजीबरोबर तसं ठरवलं होतं, तिसऱ्यानंतर थांबायचं. तिसऱ्यातच लागला. नसता लागला तर तो दुसऱ्या कामाला लागला असता आणि आजीनं त्याला हिणवलं नसतं, याची मला खात्री आहे.

आणि दुसऱ्या कामाला लागणं म्हणजे संपणं नव्हे. अविनाश साबळेचं बघा. बीड जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं मांडवा. बारावीनंतर तो सैन्यात गेला तो घराला हातभार लावायला, ऑलिम्पिकसाठी नव्हे. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, त्याच्या आयुष्यात त्यानंतर आली. २०१८ मध्ये त्यानं गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही अंतिम फेरी हुकली. विक्रम करून बाहेर! यापेक्षा चांगली सबब कुणाला मिळणार? पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्णापासून ०.०५ सेकंदानं लांब, आणि त्यानंतर हांगझोऊला आशियाई सुवर्ण.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्यावर बोलायचं होतं, रेल्वेतली नोकरी सांभाळून पॅरिसला पदक कसं आलं ते. ते आता राहू द्या. पण आपल्या बुलडाण्याच्या पोराला वगळून मी खाली बसणार नाही.

प्रथमेश जावकर. कंपाउंड धनुष्य. पन्नास मीटरवर लक्ष्य, त्यात दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं. लहान बशीएवढं, आणि तेही इथून त्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडं ठेवलेलं. सामन्यात पंधरा बाण, जास्तीत जास्त १५० गुण. मे २०२३ मध्ये शांघायला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत समोर नेदरलँड्सचा माइक श्लोसर, तेव्हाचा जगातला अव्वल धनुर्धर. प्रथमेशनं १४९ मारले, श्लोसर १४८ वर राहिला. म्हणजे पंधरापैकी चौदा बाण त्या बशीत आणि एकच बाहेरच्या नऊच्या कडीत. त्याच वर्षी मेक्सिकोत विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत १४८-१४८ बरोबरी झाली, निर्णय एका बाणावर गेला आणि रौप्य मिळालं. पुढच्याच महिन्यात ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्याबरोबर आशियाई सांघिक सुवर्ण. बुलडाण्यात मैदान नाही, सोय नाही, मोठं शहर नाही, हे आपण फार वर्षं बोलत आलो. हा पोरगा त्याच बुलडाण्यातून गेला.

(अध्यक्ष: ‘सर, लाइट जायची वेळ झाली.’ हशा.)

झालंच. पालकांना एक विनंती करतो आणि थांबतो. निकाल लागून पोरगं घरी आलं की पहिल्या दिवशी त्याला जेवू घाला, झोपू द्या, काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात वही द्या आणि एकच ओळ लिहायला सांगा: किती गुण कुठं गेले. १६०० मीटरला गेले, गोळ्याला गेले की लेखीत गणिताला गेले. त्या ओळीसमोर उद्यापासून काय करायचं ते लिहायचं. तुमच्याकडून एकही कारण सुचवू नका. जीव तुटेल, तरी सुचवू नका. आणि वही आठवड्यातून एकदा मागून बघा. लिहिता-वाचता येत नसेल तर त्या आजीसारखं विचारा, किती वेळा फेकला.

मी आज-उद्या इथंच मुक्कामी आहे. वरवट बकालच्या रस्त्याला पहाटे पाच वाजता जी पोरं धावतात त्यांनी मला हाक मारावी. माझ्याकडे स्टॉपवॉच आहे, मोजायची फीत आहे. मुलींच्या ८०० मीटरचा रस्ताही मोजून खुणा करून देतो. पोरं-पोरी येतीलच. बापांनी आणि मायांनीही यावं, कारण मी परवा निघून जाणार आणि ते घड्याळ मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात ठेवून जाणार आहे. कोण घेतंय, ते आत्ताच सांगा.