लंबकाला ऊर्जा कुठून आली?

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

मी आयुष्यभर बी.एस्सी.च्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं. सुरुवातीच्या काळात आकडेमोड क्लार्क टेबलवर, म्हणजे लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर चालायची. कोष्टकात फक्त मँटिसा, म्हणजे लॉगचा दशांशातला भाग मिळतो. कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे पूर्णांकातला भाग, आपला आपण काढायचा. म्हणजे उत्तर शेकड्यात येणार की हजारात, हे आधी डोक्यात ठरवावंच लागे. कॅल्क्युलेटर आला आणि ही सवय मोडली. कोष्टकं गेली याचं मला दुःख नाही, अंदाज गेला याचं आहे.

मग संगणक आले. एसी बसवलेली स्वतंत्र खोली, दाराबाहेर चपलांची रांग, यंत्रांवर प्लास्टिकची कव्हरं, किल्ली एकाच माणसाकडे. शेजारच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेशी त्या खोलीचा काही संबंध नव्हता. मुलं जर्नलमध्ये प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि आउटपुटसुद्धा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून चौकटीत लिहायची. कधीच न चालवलेल्या प्रोग्रॅमला पूर्ण गुण मिळताना मी पाहिले आहेत. न्यूटनचा दुसरा नियम शिकवतो त्याच आठवड्यात तो मुलांना संगणकावर सोडवू द्या, असा आग्रह मी अभ्यास मंडळात धरला. ‘त्याचा पेपर वेगळा आहे ना,’ एवढ्यावर विषय संपला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू झाला होता! इतक्या वर्षांनी आमच्या विज्ञानशाखेला संगणक हा परका विषय वाटावा, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तरीही एका वर्गाला मी लंबक दिलाच. पंधराएक ओळींचा प्रोग्रॅम: कोनावरून त्वरण, वेगावरून पुढचा कोन, त्वरणावरून पुढचा वेग, की पुन्हा पहिल्यापासून. पुस्तकातलं सूत्र लहान कोनांपुरतंच आहे, ६० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा दोलनकाल त्याहून सुमारे ७ टक्के जास्त भरतो, हे मुलांनी स्वतः पाहावं एवढाच हेतू होता. आलेख निघाले. एका मुलीने मात्र कागद माझ्यासमोर धरला. ‘सर, हा दर खेपेला जास्त वर चढतोय. ही ऊर्जा आली कुठून?’

प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होता, संगणक कसलीही चूक दाखवत नव्हता. दोष ऑयलरच्या साध्या पद्धतीत होता: नवा कोन काढताना जुना वेग वापरला जात होता. दोन ओळींची अदलाबदल करून वेग आधी नवा केला आणि तोच कोनासाठी घेतला. लंबक ताळ्यावर आला. त्या मुलीने याआधी कधी प्रोग्रॅम लिहिला नव्हता. पण पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा तिचा ऊर्जेच्या अक्षय्यतेवर जास्त विश्वास होता. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास.

अपेक्षेचं हे मोल कळावं म्हणून अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेतल्या फर्मी, पास्ता आणि उलाम यांच्या १९५५ च्या अहवालाची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगायचो. स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांची माळ, त्यात किंचित अरेषीय बल. ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनप्रकारांत वाटली जाईल, ही अपेक्षा. मॅनिअ‍ॅक या यंत्रावर गणित चालवलं, तर ऊर्जा फिरून जवळपास पहिल्याच कंपनप्रकारात परतली. अपेक्षा आधी पक्की होती, म्हणून ते आश्चर्य डोळ्यांत भरलं. तो प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला मेरी त्सिंगू यांनी. अहवालात त्यांच्या वाट्याला आभाराची एक ओळ आली. गणन करणाऱ्याला विज्ञानात दुय्यम मानायची ही खोड जुनी आहे, आणि आपल्याकडेही ती आहेच.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, यंत्राचं उत्तर तपासून घेण्याची गोष्ट तुम्हालाही लागू आहे. ‘मार्च१’ या जनुकाचं नाव एक्सेल परस्पर १ मार्च ही तारीख करून टाकत असे. कितीतरी प्रसिद्ध शोधनिबंधांच्या तक्त्यांत तशा तारखा तशाच राहिल्या. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली. तक्ते पाहणाऱ्यांनी एकदा डोळे उघडे ठेवून स्तंभ वाचला असता, तर?

आता सांगितलं की प्रोग्रॅम लिहून देणारी साधनं तुमच्या हातात आहेत. ती वापरा. पण विनवून सांगतो, किती उत्तर यायला हवं याचा अंदाज आधी कागदावर लिहा, आणि आलेला आकडा दुसऱ्या वाटेने पडताळल्याशिवाय त्याखाली आपलं नाव घालू नका. गणनेतली कालाची पायरी निम्मी करून पाहा. ऊर्जा मोजा. ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं सोपं उदाहरण आधी चालवा. उद्या तुमच्या आकड्यावर कुणाच्या औषधाची मात्रा ठरेल, कुणाच्या धरणाची भिंत ठरेल. यंत्र तेव्हा जबाबदारी घ्यायला येणार नाही. तुमच्यापैकी जे शिक्षक होतील, त्यांनी हे पहिल्या वर्षापासून, लंबक आणि टायट्रेशन शिकवतानाच करून घ्यावं.

कुलगुरू महोदय, आपण समोर आहात म्हणून मागून घेतो. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला सुरळीत चालणारा पण चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम द्यावा, आणि तो कुठे चुकतो हे त्याने एक्स्टर्नलसमोर शोधावं. आणि संगणकाची खोली संध्याकाळीही उघडी ठेवावी. वसतिगृहातल्या बऱ्याच मुलांकडे फक्त मोबाइल आहे. त्यांना बसून काम करायला दुसरी जागा नाही.