जबाबदारीच्या कागदावर सही कोणाची?

(मरोळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपण जेथे बसलो आहोत तेथून सीप्झचे प्रवेशद्वार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. नाव सांताक्रूझचे असले तरी हे निर्यात क्षेत्र अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागून उभे आहे. १९७३ साली ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी स्थापन झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे जडजवाहिराच्या उद्योगाला जागा मिळाली आणि २००० साली त्याचे विशेष आर्थिक क्षेत्र झाले. येथे मेणाचे नमुने करणारे, ओतकाम करणारे, हिरा कोंदणात बसविणारे आणि पॉलिश करणारे हात जे घडवितात ते प्रामुख्याने परदेशच्या दुकानांत विकले जाते. म्हणून कामगार मरोळचा असला तरी त्याच्या कामाचा भाव आणि वेग पुष्कळदा सातासमुद्रापलीकडे ठरतो.

अशा उद्योगांत अलीकडे एक नवी भाषा ऐकू येते. ‘उद्योगांचे जबाबदार वर्तन’ हे तिचे नाव. त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालतात, त्यांना परदेशी निधी असतो, व्यवस्थापक असतात, पाहणी आणि अहवाल असतात. आपल्या कार्यकर्त्यांत याविषयी दोन टोकाची मते आढळतात. काहींना हे सारे भांडवलशाहीचे रंगकाम वाटते, तर काहींना वाटते की संघटना दुबळी झाली आहे, तेव्हा परदेशातील ग्राहकाची सदसद्विवेकबुद्धीच कामगाराला तारील. ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण मुंबईच्याच इतिहासात आहे.

हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. त्यामागे परोपकारी मंडळी होती, तसेच लँकेशायरचे गिरणीमालकही होते. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना जाचत होती. मुंबईत कामाचे तास कमी झाले तर त्यांचा माल खपणार होता. परदेशी कळवळ्यात व्यापारी स्वार्थ मिसळलेला असतो, हा अनुभव आपल्याला तेव्हापासूनचा आहे. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी हेतूंची चिकित्सा करीत वेळ दवडला नाही. १८८४ साली सरकारने आयोग नेमताच त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगाराला भरपाई अशा त्या मागण्या होत्या. १८९०च्या एप्रिलमध्ये सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दार लँकेशायरच्या स्वार्थाने किलकिले झाले होते. ते उघडले कामगारांनी, स्वतःच्या सहीने.

आजच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेकडेही ह्याच दृष्टीने पाहावयास हवे. १९७६ साली श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली. १९७७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याच विषयावर त्रिपक्षीय घोषणा केली. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने तत्त्वे संमत केली. त्यांनी रक्षणाचे कर्तव्य राज्यसंस्थेवर टाकले, हक्कांचा आदर करण्याची जबाबदारी उद्योगांवर टाकली आणि ज्याची हानी झाली त्याला दाद मिळाली पाहिजे असे सांगितले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१९ साली जबाबदार उद्योगवर्तनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ह्या कागदांतील शब्द चांगले आहेत; परंतु त्यांतील बहुतेक बंधनकारक नाहीत. शिवाय श्रम संघटनेचा १९१९ पासूनचा सदस्य असलेल्या आपल्या देशाने संघटन-स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा करार आजवर मान्य केलेला नाही. ज्या दोन हक्कांवर बाकीचे सर्व हक्क उभे राहतात, तेच दोन वगळले गेले आहेत.

असा प्रकल्प प्रत्यक्षात कसा चालतो? निधी देणाऱ्याला ठरावीक मुदतीत मोजता येईल असे फळ हवे असते. मग किती शिबिरे झाली, किती व्यवस्थापकांनी प्रशिक्षण घेतले, किती पुस्तिका वाटल्या यांची मोजदाद होते; कारण हे मोजणे सोपे असते. वेतन किती वाढले, किती कंत्राटी कामगार कायम झाले, युनियन काढल्याबद्दल काढून टाकलेला कामगार पुन्हा कामावर आला की नाही, हे मोजणे अवघड आणि मालकाला अप्रिय असते. कारखान्याची तपासणी करणाऱ्याची फी बहुधा कारखानाच भरतो. भेटीची तारीख पुष्कळदा आधी कळते. त्या दिवशी हातमोजे निघतात, हजेरीपट नीट होतो, आणि कामगाराशी बोलणे होते ते कारखान्याच्या आवारातच. कारखान्याबाहेर जॉबवर्क करणाऱ्या छोट्या गाळ्यापर्यंत तपासनीस क्वचितच पोहोचतो. प्रकल्प चालविणारी माणसे अप्रामाणिक असतात असे मी म्हणत नाही. त्यांतील अनेकजण तळमळीचे असतात. पण ज्याला हिशोब द्यावयाचा त्याच्याकडेच माणसाचे तोंड राहते, आणि हा हिशोब कामगाराला द्यावयाचा नसतो.

याचा परिणाम कराचीत दिसला. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील अली एंटरप्रायझेस ह्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. पुढे २०१६ साली मुख्य जर्मन खरेदीदाराने ५० लाख डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. ती मृतांच्या कुटुंबीयांनी संघटना बांधून वर्षानुवर्षे लढा दिला म्हणून.

ढाक्याजवळ २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले. त्यानंतर मात्र वेगळ्या प्रकारचा कागद तयार झाला. जागतिक कामगार महासंघ आणि दोनशेहून अधिक कंपन्या यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला. आपल्या देशातही उदाहरण आहे. तमिळनाडूतील दिंडिगल येथे २०२१च्या जानेवारीत एका तरुण दलित कामगार स्त्रीचा खून झाला. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तेथील युनियन लढली आणि २०२२च्या एप्रिलमध्ये कारखानदार ईस्टमन एक्स्पोर्ट्सशी तिचा करार झाला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच ह्या परदेशी खरेदीदारांनीही त्यासाठी स्वतःला बांधून घेतले. कारखान्यात छळावर लक्ष ठेवण्याचे काम कामगार स्त्रियांकडे आले, आणि करार मोडल्यास कारखानदाराच्या धंद्यावर परिणाम होईल अशी तरतूद झाली. कराचीच्या प्रमाणपत्रावर कामगारांची सही नव्हती; दिंडिगलच्या करारावर युनियनची सही आहे. माझ्या मते भेद एवढाच आहे आणि तो मूलभूत आहे.

आता मरोळकडे वळू. सीप्झच्या कुंपणाआत कामगार कायदे लागू नाहीत, असा समज येथील कामगारांत पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. २००५च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या ४९ व्या कलमाने सरकारला अनेक कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार दिला. पण त्याच कलमात कामगार संघटना, औद्योगिक विवाद, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतिलाभ यांविषयीचे कायदे त्यातून वगळले आहेत. कुंपणाने कार्यकर्त्याला अडविता येते, कायद्याला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती आता सर्व उद्योगांना लागली आहे. म्हणजे बाहेरचा कामगारही आतल्या कामगाराइतकाच बांधला गेला. दोघांनी एकत्र येण्याचे हे आणखी एक कारण होय.

आणि जबाबदारी केवळ परदेशी खरेदीदाराची नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी मरोळच्या राज्य विमा कामगार रुग्णालयाला आग लागली आणि रुग्णांसह अनेकजण दगावले. कामगारांच्या वर्गणीवर उभे राहिलेले हे रुग्णालय. तेथे कोणती बहुराष्ट्रीय कंपनी नव्हती. तेथे आपली राज्यसंस्था होती.

मग आपण काय करावयाचे? प्रकल्पवाले आले तर त्यांच्यावर बहिष्कार घालू नये. त्यांना प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: प्रकल्पाच्या समितीवर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी आहेत काय? दुसरा: तपासणीचा अहवाल कामगाराला मराठीत आणि हिंदीत वाचावयास मिळेल काय? तिसरा: तपासणी जॉबवर्कच्या गाळ्यापर्यंत, ओतकामाच्या साच्याच्या भुकटीत असलेल्या सिलिकापर्यंत, ॲसिडच्या वाफेपर्यंत जाणार काय? चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा: खरेदीदार स्वतः कशाने बांधला जाणार? २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसविली. अशा वेळी ऑर्डर थांबते आणि सर्वांत आधी नगावर काम करणाऱ्याची मजुरी बुडते. भाव पाडून मागणारा, ऑर्डर एका पत्राने रद्द करणारा खरेदीदार कारखानदाराला मात्र न्याय्य वेतनाचा उपदेश करतो. त्याच्या खरेदीच्या अटी करारात आल्या नाहीत, तर जबाबदारीचा सारा भार खालीच सरकत राहील.

याखेरीज एक साधन आपण विसरू नये. १९७६च्या तत्त्वांप्रमाणे कंपनीच्या मायदेशातील सरकारी संपर्ककेंद्राकडे परदेशातील युनियनलाही तक्रार करता येते. नियमगिरीच्या प्रकरणी ब्रिटनच्या केंद्राने २००९ साली वेदान्त कंपनीविरुद्ध निष्कर्ष दिला होता. त्याने कंपनीवर सक्ती झाली नाही, हे खरे. पण नियमगिरीच्या ग्रामसभांनी २०१३ साली खाण नाकारली, त्या लढ्याला तो निष्कर्ष उपयोगी पडला. पत्र परदेशी पाठवावे, पण त्याच्यामागे येथे ग्रामसभा किंवा युनियन उभी असावी.

म्हणून, साथींनो, ह्या अभ्यासवर्गातून उठताना प्रत्येकाने एक काम घ्यावे. सीप्झच्या आणि वसाहतीच्या दारांवर पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहावे. कोणता कारखाना कोणत्या परदेशी दुकानासाठी माल करतो, तेथे पगारपत्रक मिळते की नाही, विम्याचे कार्ड आहे की नाही, याची वही तयार करावी. अशी वही आपल्या हाती असेल तेव्हाच कोणत्याही आंतरराष्ट्रीय प्रकल्पाशी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल. लोखंड्यांनी आयोगाची वाट पाहत बसण्याऐवजी आधी सह्या गोळा केल्या. मरोळमध्ये त्या अजून गोळा व्हावयाच्या आहेत.